योकोझुनाचं वजन कोणाच्या खात्यावर?

नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी रेसलिंग कंपनीची ट्रम्प कार्डं मराठी घरांतल्या पोरांच्या दप्तरात असायची. योकोझुनाचं पान हाती आलं की डोकं चालवावं लागत नसे. ‘वजन’ म्हणायचं आणि समोरच्याचं पान ओढून घ्यायचं. उंची, छाती, लढती वगैरे रकाने त्या पानावर होते, पण ते वाचतो कोण? कंपनीही त्याला नेमकं तसंच खेळत होती. ते वजन हेच त्याचं काम होतं, तिकीट त्यावर विकलं जात होतं, आणि ते कमवायला आणि टिकवायला लागणारी किंमत मात्र करारात कुठेही धरलेली नव्हती.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरून आलेल्या अनोआई या रेसलर घराण्याकडे बोट दाखवून लोक रेसलिंगमधल्या घराणेशाहीबद्दल बोलतात. वशिला, वारसा, ‘बापामुळे आला’. माझ्या मते तिथे घराणं ही मुख्य गोष्ट नाही. मालकाने जी जबाबदारी घ्यायला हवी होती ती तिथे घराण्याने उचललेली आहे, आणि घराण्याला ती पेलत नाही. योकोझुनाची कारकीर्द हा त्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे.

त्याचं खरं नाव रॉडनी अनोआई. जन्म २ ऑक्टोबर १९६६, सॅन फ्रान्सिस्को. घरातले दोन वडीलधारे, आफा आणि सिका, ‘वाइल्ड सामोअन्स’ म्हणून रिंगमध्ये उतरायचे. जंगली, इंग्रजी न येणारे, कच्चे मासे खाणारे, असं त्यांचं सोंग होतं. याच घराण्याशी पीटर मायव्हियाचं मानलेलं नातं. आफा-सिकाच्या वडिलांनी त्याला भाऊ मानलं होतं. मायव्हियाच्या मुलीने रेसलर रॉकी जॉन्सनशी लग्न केलं आणि त्यांचा मुलगा म्हणजे ड्वेन जॉन्सन, ‘द रॉक’. म्हणजे या ‘रक्ताच्या’ घराण्यातलं सगळ्यात मोठं नाव रक्ताने घराण्यातलं नाहीच. सामोअन लोकांना यात वावगं काही वाटत नाही, आणि मानलेल्या भावाच्या पोरांना भाचे म्हणणाऱ्या आपल्यालाही वाटू नये.

रॉडनीला आफाने शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत तो एडब्ल्यूए या दुसऱ्या अमेरिकी कंपनीत कोकिना मॅक्सिमस नावाने, तसंच मेक्सिको आणि जपानमध्ये लढला. १९९२ च्या शरद ऋतूत डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला घेतलं आणि जपानी सुमो पैलवान करून टाकलं. सोबत मॅनेजर मिस्टर फुजी, हातात मीठ, कपाळावर गंभीर आठ्या. प्रदेश म्हणून ‘पॉलिनेशिया’ पुकारलं जाई, पण झेंडा जपानचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सामोअन पोराला जपानी करताना कोणाला काही खटकलं नाही. या घराण्याची अंगकाठी प्रमोटरांना कोऱ्या पाटीसारखी वाटत आली आहे. रॉडनीचा नात्यातला भाऊ सोलोफा फातू आधी रानटी ‘हेडश्रिंकर’ होता, १९९६ मध्ये त्याला मुखवटा घालून अरबी ‘सुलतान’ केलं, आणि १९९९ मध्ये तोच ‘रिकिशी’ झाला. रिकिशी म्हणजे पुन्हा सुमोतलाच शब्द. ‘सामोअन माणसाचं डोकं इतकं टणक की टक्कर मारली तर मारणाऱ्यालाच लागतं’ हा रिंगमधला जुना विनोदही याच पाटीवरचा.

योकोझुना हे खरं तर सुमोतलं सर्वोच्च पद. १९९३ च्या जानेवारीत जगात दोन योकोझुना उभे राहिले. २४ तारखेला सॅक्रामेंटोत रॉडनीने ‘रॉयल रंबल’ ही डब्ल्यूडब्ल्यूएफची मोठी लढत जिंकली. त्याच महिन्याच्या अखेरीस जपानमध्ये हवाईचा चाड रोवन, रिंगमधलं नाव अकेबोनो, खरा योकोझुना झाला. त्या पदावर पोचलेला तो पहिला परदेशी. पुढे १९९९ मध्ये सामोआत जन्मलेला मुसाशिमारूही त्या पदावर गेला. खऱ्या सुमोत योकोझुनाचं पद एकदा मिळालं की काढून घेता येत नाही. खेळ उतरला तर त्याने स्वतःहून निवृत्त व्हायचं असतं. त्याचा पगार जपान सुमो असोसिएशन दरमहा देते, आणि निवृत्त होताना वेगळी रक्कम देते. सुमो म्हणजे स्वर्ग नव्हे. वरच्या दोन श्रेणींखालच्या पोरांना पगार नसतो, फक्त भत्ता, आणि वजनाचे रोग तिथेही आहेतच. पण निदान नातं काय आहे ते स्पष्ट असतं: पैलवान संघटनेचा, संघटना पैलवानाची. अमेरिकेतला योकोझुना मात्र कागदावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ होता.

हे कंत्राटदारीचं प्रकरण समजायला आधी काम समजून घ्यावं लागतं, कारण ‘सगळं खोटंच असतं’ या वाक्याआड बरंच काही दडवलं जातं. निकाल ठरलेला असतो, मान्य. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. पण पडणं ठरवून पडलं तरी जमीन खरीच असते. डब्ल्यूडब्ल्यूईची (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच २००२ नंतरचं नाव) रिंग साधारण २० फूट बाय २० फूट. खाली पोलादी चौकट आणि तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. फोम जाड केला तर पाय रुततो, घोटा मुरगळतो, धावता येत नाही. म्हणून तो पातळच ठेवावा लागतो. पडण्याला ‘बंप’ म्हणतात, आणि नवशिक्याला सगळ्यात आधी तोच शिकवतात. हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे मागचं डोकं आपटत नाही. श्वास सोडायचा. हात अंगापासून पसरून तळवे सपाट आपटायचे. पाठीचा वरचा भाग एकदम टेकवायचा, म्हणजे आघात एका मणक्यावर न येता पसरतो. कोपर आधी टेकलं तर ते मोडतं, कंबर आधी टेकली तर मणका दुखावतो. हे नीट केलं तरी आघात नाहीसा होत नाही, फक्त वाटला जातो. आणि वजन दुप्पट झालं की आघातही दुप्पट होतो. गुडघे आणि घोटे मात्र तेच राहतात.

आता हे २२९ किलोच्या माणसाने करायचं. १९९३ मध्ये योकोझुनाचं जाहीर वजन ५०५ पौंड, म्हणजे सुमारे २२९ किलो होतं. वर्षभरात ते ५६८ पौंड, २५८ किलोवर गेलं. जाहीर आकडे फुगवलेले असतात हे धरूनही, त्याच्या बाबतीत फार फुगवायची गरज पडली नसावी.

त्याचा शेवटचा डाव ‘बान्झाई ड्रॉप’. प्रतिस्पर्धी कोपऱ्यात पाठीवर पडलेला, योकोझुना दुसऱ्या दोरावर चढायचा आणि थेट छातीवर बसायचा. बघणाऱ्याला वाटायचं की खालचा मेला. तो वाचायचा कारण वरचा माणूस कुशल होता. दोरांना धरून उतरण्याचा वेग कमी करायचा, दोन्ही पाय खालच्याच्या दोन बाजूंना नितंबांच्या क्षणभर आधी टेकवायचे, भार टाचांवर आणि मांड्यांवर घ्यायचा, छातीवर फक्त स्पर्श. अर्ध्या क्षणाची चूक झाली तर खालच्याच्या बरगड्या गेल्या. अर्थात भार कुठेतरी जातोच. खालच्याच्या बरगड्या वाचल्या तेव्हा वरच्याचे गुडघे तो भार पीत होते. या माणसाच्या हाताखाली ब्रेट हार्टसारखे चांगले पैलवान रात्रीमागून रात्री सुखरूप उठले, हे त्याच्या पानावरच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

४ जुलै १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये ‘इंट्रेपिड’ या जुन्या विमानवाहू जहाजाच्या डेकवर ‘योकोझुनाला उचलून आपटून दाखवा’ अशी स्पर्धा ठेवली होती. लेक्स लुगरने त्याला आपटलं आणि अमेरिकेचा नायक झाला. असं आपटताना एक हात पायांमधून, दुसरा खांद्यावरून, हे उचलणाऱ्याचं काम. उरलेलं सगळं उचलल्या जाणाऱ्याचं. त्याने घोट्यांवर उडी घ्यायची, आपलं वजन समोरच्याच्या खांद्याकडे झुकवायचं, त्याच्या मांडीचा आधार घ्यायचा, आणि हवेत अंग वळवून पाठ आधी टेकेल असं पाहायचं. त्याने अंग सैल सोडलं तर जगात कोणीही त्याला उचलणार नाही. म्हणजे त्या दिवशी लुगरला नायक करण्याचं निम्म्याहून अधिक काम त्याच्या ‘शत्रू’ने केलं. असं काम करणारा माणूस स्वतःचा धंदा चालवणारा ठेकेदार की कंपनीचा कामगार, याचं उत्तर मला तरी अवघड वाटत नाही.

अमेरिकी कायद्यात ही ओळख मुख्यतः नियंत्रणावरून ठरते. काम कसं, कधी, कुठे, कोणाबरोबर करायचं हे कोण ठरवतं? इथे नाव कंपनीचं, पोशाख कंपनीचा, प्रतिस्पर्धी आणि निकाल कंपनी ठरवते, तारखा कंपनीच्या, करार चालू असताना दुसरीकडे लढायचं नाही हेही कंपनीच सांगते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून जो कायदा लागू झाला त्यात आणखी सोपी कसोटी आहे. माणसाचं काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं असेल तरच त्याला ठेकेदार म्हणता येतं. नळ दुरुस्त करणारा थिएटरसाठी ठेकेदार असू शकतो. रेसलिंग कंपनीसाठी रेसलर?

कागदावरच्या एका शब्दाने काय बदलतं ते पाहा. नोकराला डब्ल्यू-२ फॉर्म मिळतो, ठेकेदाराला १०९९. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर एकूण १५.३ टक्के. नोकराच्या बाबतीत यातला निम्मा मालक भरतो, ठेकेदार सगळा स्वतः भरतो. नोकर कामावर दुखावला तर चूक कोणाची हे न विचारता भरपाई मिळते, अनेक राज्यांत पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश. नोकरी गेली तरी मोठ्या कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यावर, स्वतः हप्ता भरून, साधारण १८ महिने राहता येतं. संघटना बांधायचा कायदेशीर हक्क नोकराला आहे, ठेकेदाराला नाही. त्या काळी कंपनी विमानाचं तिकीट द्यायची. मोटार, हॉटेल, जेवण हे रेसलरच्या खिशातून. वर्षाला दोनशेहून अधिक रात्री. २५० किलोच्या माणसाचं जेवण, आणि त्याला झेपेल अशी गाडी, हे धंद्याचे खर्च म्हणून त्यानेच लावायचे.

रिंगमध्ये झालेल्या दुखापतीच्या शस्त्रक्रियेचा खर्च डब्ल्यूडब्ल्यूई करत आली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पण वजन ही एका रात्रीची दुखापत नव्हे. ती वर्षानुवर्षं कमावलेली, कंपनीने विकलेली गोष्ट होती. रिंगमध्ये मोडलेल्या घोट्याची पावती निघते. रिंगसाठी थकलेल्या हृदयाची कुठून निघणार?

आणि मग तीच गोष्ट अडचणीची झाली. १९९५ पर्यंत तो इतका जड झाला होता की त्याला बहुतेक टॅग टीममध्येच, म्हणजे जोडीच्या लढतींतच, वापरत. त्यात ओवेन हार्टबरोबर त्याने विजेतेपदाचा पट्टाही मिळवला. कंपनीने त्याला वजन कमी करायला सांगितलं. १९९६ च्या वसंतात व्हेडरने त्याचा पाय मोडल्याचा प्रसंग रचून त्याला पडद्यावरून काढलं, फोर्कलिफ्टवर घालून बाहेर नेतानाची दृश्यं दाखवून. ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडला स्टीव्ह ऑस्टिनविरुद्धच्या लढतीत तो बान्झाईसाठी चढला आणि दोर तुटला. तो दोर तुटायचाच होता. पोट धरून हसण्याचा तो प्रसंग होता. तीन वर्षांपूर्वी ज्या वजनाला घाबरायचं होतं त्याला आता हसायचं होतं. तिकीट दोन्ही वेळा विकलं गेलं.

वजन उतरलं नाही. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅथलेटिक कमिशनची वैद्यकीय परवानगी मिळेना, आणि १९९८ मध्ये कंपनीने त्याला सोडलं.

इथे थोडं मागे जावं लागेल. फेब्रुवारी १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे उघड सांगितलं की रेसलिंग ही स्पर्धा नसून करमणूक आहे. दशकानुदशकं जपलेलं गुपित त्यांनी फोडलं ते सत्याच्या प्रेमाने नव्हे, तर राज्य कमिशनचे परवाने, कर आणि तपासण्या टळाव्यात म्हणून. खेळ म्हटला की डॉक्टर येतो, म्हणून करमणूक म्हणायचं. आणि करमणूक म्हटलं की नटांची संघटना यायला हवी, तर तिथे ‘आम्ही खेळाडू, आम्ही स्वतंत्र’. दोन्ही दारांच्या मधल्या बोळात हा धंदा उभा राहिला. अमेरिकन सामोआत जन्मलेल्या माणसाला अमेरिकेचा ‘नॅशनल’ म्हणतात पण जन्माने नागरिक म्हणत नाहीत. देश आपला, हक्क अर्धे. ते आठवतं.

तर रॉडनी अनोआईला ठामपणे ‘थांब’ कोण म्हणालं? सरकारी कमिशन. नियमनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं काम इथे संपायला हवं होतं, पण नाही संपत. कमिशनने ‘नाही’ म्हटलं तेव्हा त्या ‘नाही’च्या मागे उत्पन्न नव्हतं, विमा नव्हता, उपचार नव्हते. ३१ वर्षांच्या माणसाला दुसरं काहीच येत नसेल आणि नाव अजून विकलं जात असेल तर तो काय करेल? जिथे कमिशन नाही तिथे जाईल. इंग्लंडमध्ये रेसलिंगला परवाना लागत नाही. २३ ऑक्टोबर २००० ला, छोट्या कंपन्यांच्या दौऱ्यावर असताना, लिव्हरपूलच्या हॉटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. फुप्फुसांत पाणी साठलं होतं. वय ३४. वजन ५८० पौंड, सुमारे २६३ किलो. कामगाराचं संरक्षण नसलेलं नियमन माणसाला धोक्यातून बाहेर काढत नाही, स्वस्त रिंगकडे ढकलतं.

सामोआत एक म्हण आहे, ‘ओ ले आला इ ले पुले ओ ले ताउतुआ’: सत्तेची वाट सेवेतून जाते. ताउतुआ म्हणजे कुटुंबासाठी केलेली सेवा. राबायचं, कमावलेलं घरी द्यायचं, लग्ना-मर्तिकाला वाटा उचलायचा. त्या बदल्यात कुटुंबाचा प्रमुख, मताई, सगळ्यांना सांभाळतो. मताईपद बापाकडून मुलाला आपोआप जात नाही. सगळं मोठं कुटुंब, ‘आइंगा’, बसून कोणाला द्यायचं ते ठरवतं, आणि नालायक निघाला तर काढूनही घेऊ शकतं. ही त्या बेटांची सामाजिक सुरक्षा आहे. पेन्शन, विमा, बेकारी भत्ता, सगळं एका नात्यात. अमेरिकेत आलेल्या अनोआईंनी ती सोबत आणली. आफाने पेनसिल्व्हेनियात शाळा काढली, घरातल्या पोरांना बंप शिकवले, एकाने दुसऱ्याला काम लावून दिलं. बाहेरून याला वशिला म्हणतात. आतून पाहिलं तर प्रशिक्षण केंद्र, रोजगार कार्यालय आणि कल्याण मंडळ, तिन्ही एकाच घरात आहेत. कंपनीला ताउतुआ मिळाली. मताईची जबाबदारी तिने घेतली नाही.

घराणं कुठवर पुरतं? एडवर्ड फातू, ‘उमागा’, हा आफा-सिकाचा भाचा. १ एप्रिल २००७ ला डेट्रॉइटच्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, तो कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहनच्या बाजूने आणि बॉबी लॅशली डोनाल्ड ट्रम्पच्या बाजूने लढला. हरणाऱ्या बाजूच्या अब्जाधीशाचं मुंडण होणार होतं, ते मॅकमॅहनचं झालं. जून २००९ मध्ये औषधांच्या धोरणाचा दुसऱ्यांदा भंग झाला, उपचाराला जायला त्याने नकार दिला, करार संपला. सहा महिन्यांत, ४ डिसेंबरला, ह्यूस्टनमध्ये तो गेला. वेदनाशामक, स्नायू सैल करणारं औषध आणि डायझेपाम यांचा एकत्रित परिणाम, वर हृदयविकार. वय ३६. सिकाचा मुलगा मॅट, ‘रोझी’, एप्रिल २०१७ मध्ये हृदय निकामी होऊन गेला. वय ४७. आणि याच सिकाचा धाकटा मुलगा जो, म्हणजे रोमन रेन्स, आज घराण्याचा मुकुटमणी.

रोमनचा मामला वेगळा, म्हणूनच उपयोगाचा. अमेरिकी फुटबॉलमध्ये जमलं नाही, २०१० मध्ये कंपनीच्या प्रशिक्षण शाखेत आला. २०१५ च्या रॉयल रंबलला फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. घराणं दार उघडून देतं, टाळ्या आणून देत नाही. २२ ऑक्टोबर २०१८ ला त्याने रिंगमध्ये उभं राहून सांगितलं की आपलं खरं नाव जो आहे आणि ११ वर्षांपासून ल्युकेमिया आहे. चार महिन्यांनी तो परतला. ऑगस्ट २०२० पासून १,३१६ दिवस पट्टा त्याच्याकडे राहिला, तो ७ एप्रिल २०२४ ला कोडी रोड्सने घेतला. या काळात त्याच्या लढती मोजक्याच असायच्या. दोनशे रात्रींऐवजी मोजक्या रात्री, शरीराला विश्रांती, नावाला किंमत. योकोझुनाला हे मिळालं असतं तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही. पण हे रोमनला हक्क म्हणून मिळालेलं नाही, तो शिखरावर असल्यामुळे मिळालं. शिखरावर एकच माणूस मावतो.

त्याच काळात ‘ब्लडलाइन’ ही घराण्यावर रचलेली रिंगमधली कथा गाजली. ऑक्टोबर २०२० मध्ये आफा आणि सिकाने त्याच्या गळ्यात ‘उला फाला’ घातली. ही लाल माळ पँडेनसच्या, म्हणजे आपल्या केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या फळांची. सामोआत ती प्रमुखाच्या गळ्यात असते. मग ‘टेबलाच्या मुख्य जागी बसलेला’ रोमन रिकिशीच्या मुलाला, जे उसोला, राबवतो, धमकावतो, ‘कुटुंबासाठी कर’ म्हणतो. (रिकिशी हा रोमनचा आतेभाऊ, त्यामुळे आपल्या हिशेबात रोमन हा जे उसोचा काका लागतो, पण कथेत ते भाऊच राहिले.) कथा उत्तम होती, अभिनय त्याहून. फक्त लक्षात घ्या, की या घरात काम न केल्याबद्दल शिक्षा देणारा, ताट वाढणारा आणि काढून घेणारा काका आहे. मालक कुठेच दिसत नाही. मालक-कामगाराचं भांडण काका-पुतण्याचं करून दाखवलं की तिकीटही विकतं आणि प्रश्नही मिटतो.

‘यांना माहीत होतं, सही स्वतः केली’ हा आक्षेप नेहमीचा. सही खाण कामगारही करतो, म्हणून खाणीतल्या धुळीचा रोग त्याचा खासगी प्रश्न ठरत नाही. ‘खाणं त्याच्या हातात होतं’ हे अर्धं खरं आहे. पण ५०५ पौंडांवर पट्टा आणि वजन उतरवल्यावर ओळख गेलेली, अशा बक्षीस-शिक्षेत इच्छाशक्तीला किती जोर लावायला सांगायचा? उमागाच्या बाबतीत कंपनीने उपचार देऊ केले होते, तो नाही म्हणाला, हेही खरं. २००५ मध्ये रेसलर एडी ग्युरेरो गेल्यावर २००६ पासून हृदय तपासणी आणि औषध चाचण्या सुरू झाल्या आणि त्याने जीव वाचले असतील. पण ज्या धोरणाची शेवटची पायरी करार संपवणं आहे, ते धोरण सगळ्यात आजारी माणसाला सगळ्यात आधी दाराबाहेर ठेवतं.

सगळ्यांना नोकर केलं तर छोट्या प्रमोटरांचं कंबरडं मोडेल, हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. शनिवारी शाळेच्या जिममध्ये दोनशे खुर्च्या मांडणारा प्रमोटर विमा कुठून भरणार? आणि रेसलर आज इथे, उद्या तिथे. मालक एक नाही. यावर उपाय नाही असं मात्र म्हणू नये. अनेक मालकांकडे तुटक काम करणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. मालक मजुरीबरोबर ठरलेली टक्केवारी लेव्ही म्हणून मंडळाकडे भरतो, मंडळ भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार पाहतं. आज कोणत्या गाळ्यावर गोणी उचलली याने हक्क बदलत नाही. त्या मंडळांत गैरप्रकार शिरले, हे आपल्यालाच जास्त माहीत आहे, पण रचना चुकीची नाही. अमेरिकेतही हीच पद्धत नटांसाठी आहे. निर्माता प्रत्येक कामामागे नटांच्या संघटनेच्या पेन्शन आणि आरोग्य निधीत पैसे भरतो. ड्वेन जॉन्सन कॅमेऱ्यासमोर पडला तर त्या पडण्यामागे निधीत भर पडते. त्याचा मानलेला भाऊ कॅमेऱ्यासमोरच, पण रिंगमध्ये पडला तर काहीच भर पडत नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुराने, जो पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, रेसलमेनिया २ च्या आधी संघटनेची गोष्ट काढली होती. ती तिथेच विरली. २००८ मध्ये तीन माजी रेसलर ‘आम्ही नोकर होतो’ म्हणत कोर्टात गेले, दावा टिकला नाही.

कोर्टाच्या वाटेने हे सुटेल असं मला वाटत नाही. लेव्ही वसूल करायला नवं खातंही उघडावं लागणार नाही. न्यूयॉर्क राज्य बॉक्सिंग आणि रेसलिंगच्या तिकीटविक्रीवर आजही ३ टक्के कर घेतं, वर कमाल मर्यादा लावून. म्हणजे कोणत्या रात्री, कोणत्या सभागृहात, किती तिकिटं खपली याचा हिशेब सरकारकडे आधीच पोचतो. त्याच हिशेबावर, त्याच रात्री रिंगमध्ये उतरलेल्यांच्या नावे, आणखी दोन टक्के वेगळ्या निधीत टाकायचे. २०२५ पासून नेटफ्लिक्स डब्ल्यूडब्ल्यूईला दहा वर्षांत पाच अब्ज डॉलरहून जास्त मोजणार आहे, त्यावरही तोच हिशेब. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वीस हजार खुर्च्या भरतात तिथून जास्त येतील, शाळेच्या जिममधून थोडे. आणि ज्या कमिशनने रॉडनी अनोआईला ‘नाही’ म्हटलं, त्याच्या टेबलावर त्या ‘नाही’शेजारी ठेवायला एक चेक असेल.